खालच्या मजल्यावरची चळवळ

सासूबाई तीन महिन्यांसाठी टोकियोला आल्या आणि पावणेदोन वर्षं राहिल्या. दोष त्यांचा नव्हता. साकुराचा बहर बघायचा, नातीला रामरक्षा शिकवायची आणि मे महिन्यात सोलापूरला परत जाऊन उन्हाळी कामं उरकायची, असा त्यांचा साधा बेत होता. पण त्या आल्या आणि पाठोपाठ कोरोना आला. विमानं बंद झाली. दर थोड्या महिन्यांनी मी त्यांना इमिग्रेशनच्या ऑफिसात घेऊन जायची, तिथला अधिकारी आधी पासपोर्टाकडे आणि मग त्यांच्याकडे बघायचा, आणि मुदत वाढवून द्यायचा. चौथ्या खेपेला त्या मला म्हणाल्या, "ह्या माणसाला सांग, त्याच्यापेक्षा मलाच जास्त घाई आहे जायची."

आम्ही फुनाबोरीला एका चार मजली बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. नवऱ्याला कंपनीने ओसाकाला पाठवलं होतं. महिन्यातून दोनदा शनिवार-रविवारी यायचा. मी एका बँकेच्या आयटी प्रोजेक्टवर होते आणि त्या काळात सगळ्यांसारखी घरूनच काम करत होते. म्हणजे दिवसभर घरात तीन बायका: मी मीटिंगमध्ये, सात वर्षांची मुलगी शाळेतून आली की जपानीत बडबडत, आणि सासूबाई रिकाम्या. सासूबाई रिकाम्या असणं ही काही साधी गोष्ट नाही. त्यांनी सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं नोकरी केली होती. ट्रंक कॉल जोडण्यापासून सुरुवात केली आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्या. मधल्या काळात युनियनचं काम केलं, दोन संप केले, एकदा पोलिसांच्या गाडीत बसून आल्या. अशा बाईला दोन खोल्यांत कोंडून ठेवल्यावर ती काहीतरी करणारच.

त्यांनी पहिल्यांदा केलं ते म्हणजे शेंगांच्या चटणीची रिकामी काचेची बरणी जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

इकडे काच वेगळी, जाळायचा कचरा वेगळा, प्रत्येकाचा दिवस वेगळा; हे किती भयंकर आहे ते इकडे राहिलेल्यांना सांगायला नको. कचऱ्याच्या गाडीने पिशवी उचलली नाहीच, वर एक चिठ्ठी चिकटवून गेली. सगळ्या बिल्डिंगला ती पिशवी दिवसभर दिसत होती आणि ती कोणाची आहे हे मेथीच्या काड्यांवरून उघड होतं. संध्याकाळी बेल वाजली. दारात पन्नाशी उलटलेली एक ठेंगणी बाई उभी होती. केस मागे घट्ट बांधलेले, हातात आमची बरणी, स्वच्छ धुतलेली. मी जपानीत माफी मागायला तोंड उघडलं, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिने बरणी सासूबाईंच्या हातात दिली, झाकण उघडून स्वतः वास घेतला, आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "ये... अच्छा. और है?"

ती खालच्या मजल्यावर राहायची. मूळची यांगूनची. लहानपणी गल्लीत हिंदी बोलणारी बिऱ्हाडं होती, त्यामुळे वीसेक शब्द येत होते: पानी, दाल, चलो, अच्छा, और है. सासूबाईंनी तिला डबाभर चटणी दिली. दुसऱ्या दिवशी तो डबा उकडलेल्या वाटाण्यांनी भरून परत आला. त्यानंतर तो डबा रिकामा म्हणून कधी जिन्याने गेला नाही.

सासूबाई तिला "अहो बाई" म्हणायच्या. माझ्या मुलीने ते ऐकून पुढे जपानी आदराचं "सान" जोडलं आणि "बाई-सान" केलं. तेच नाव पडलं, आणि पुढे बाई-सान स्वतःही बेल वाजवून "बाई-सान देस", म्हणजे मी बाई-सान, असं सांगायला लागली. ती सासूबाईंना "अमा" म्हणायची, तिच्या भाषेत थोरली बहीण.

दोघींची भाषा हा एक चमत्कार होता. वीस हिंदी शब्द, तीस-चाळीस जपानी, बाकी हातवारे. सासूबाईंनी एक वही केली होती. त्यात एका बाजूला जपानी आणि दुसऱ्या बाजूला बर्मी शब्द, सगळे देवनागरीत, कानाला ऐकू आले तसे. अर्थ कळो न कळो, आवाज बरोबर लिहिला पाहिजे हा त्यांचा जुना कटाक्ष. "ट्रंक लाइनवर मद्रासचा माणूस काय बोलतो ते कुठं कळायचं मला? पण गावाचं नाव कधी चुकवलं नाही," असं त्या सांगायच्या.

एकदा त्या बाई-सानला "तुमचा ब्रह्मदेश" असं म्हणाल्या. मला जरा शरम वाटली. मी म्हटलं, "आई, आता म्यानमार म्हणतात." बाई-सानला विषय कळला. ती माझ्याकडे वळून जपानीत म्हणाली, "म्यानमार हे नाव लष्कराने बदलून ठेवलेलं. आम्ही अजून बर्माच म्हणतो. अमाचं बरोबर आहे." सासूबाईंनी मला त्यानंतर किमान आठवडाभर ऐकवलं.

त्या दिवशी बाल्कनीत बसून बाई-सानने तिची हकीकत सांगितली. मी भाषांतर करत होते. अठ्ठ्याऐंशी साली ती कॉलेजात होती. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ती पण उतरली, आणि सैन्याने गोळ्या झाडल्या. तिच्या वर्गातल्या दोन मुली परत आल्या नाहीत. ती आधी थायलंडला पळाली, मग इथे आली. भांडी घासली, खानावळीत मासे साफ केले, आता एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करत होती. लग्नही इथेच झालं, तिच्यासारख्याच एका पळून आलेल्याशी. तो चार वर्षांपूर्वी आजारपणात गेला. तीस वर्षं दर वर्षी ठरलेल्या दिवशी ही माणसं टोकियोत जमायची, दूतावासासमोर उभी राहायची आणि घरी जायची. कोणी बघायला नसलं तरी. मध्यंतरी तिकडे निवडणुका झाल्या, दारं किलकिली झाली, तेव्हा ती बावीस वर्षांनी घरी जाऊन आईला भेटून आली. धाकटा भाऊ शाळेत गणित शिकवायचा. त्याने घरात तिच्यासाठी एक खोली काढली होती. पुढच्या वर्षी नोकरी सोडून कायमचं जायचं असं तिने ठरवलं होतं. खाली तिच्या घरात निम्मं सामान खोक्यांत भरूनही झालं होतं.

"मग राजकारण सुटलं म्हणा," सासूबाई म्हणाल्या.

मी ते सांगितल्यावर बाई-सान हसली. "सुटलं. आता बागेत टोमॅटो लावणार आहे."

हे जानेवारीतलं. फेब्रुवारीच्या पहिल्या सकाळी मी लॅपटॉप उघडत होते आणि बेल वाजली. बाई-सान. पायात दोन वेगवेगळ्या चपला, हातात फोन. लष्कराने पुन्हा सत्ता घेतली होती. निवडून आलेल्यांना पहाटेच धरलं होतं. भावाचा फोन लागत नव्हता. कोणाचाच लागत नव्हता.

मी तिला बसवलं, पाणी दिलं. सासूबाईंनी तिच्या हातातून फोन घेतला, नंबर लावला, कानाला धरला आणि डोळे मिटले.

"डेड," त्या म्हणाल्या. "एंगेज नाही, रिंग नाही. एक्स्चेंजच बंद केलंय. तिला सांग, हे सगळ्यांचं आहे, एकट्या भावाचं नाही. सरकार उलथवायचं असलं की आधी एक्स्चेंज धरतात. लाइन कधी ना कधी सोडावी लागते, त्यांनासुद्धा बोलायचं असतं."

बाई-सानची दुपारची पाळी होती. सासूबाईंनी नंबर वहीत लिहून घेतला आणि तिला कामावर पाठवून दिलं. मग चटई टाकून त्या बसल्या आणि दर दहा मिनिटांनी नंबर लावत राहिल्या. प्रत्येक वेळी वहीत वेळ आणि आवाज: डेड, डेड, डेड, खरखर, डेड. मी पलीकडच्या खोलीत मीटिंगमध्ये होते, पण माझं लक्ष त्या आवाजावरच होतं. अडीचच्या सुमाराला त्या दारात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "रिंग गेली." उचलला कोणी नाही. पण संध्याकाळी बाई-सान कामावरून आल्यावर पुन्हा नंबर लावला आणि तिचं भावाशी बोलणं झालं. तो घरी होता. ठीक होता.

पुढच्या आठवड्यात भावाने काम सोडलं. त्याने एकट्याने नाही. तिकडच्या शिक्षकांनी, डॉक्टरांनी, रेल्वेवाल्यांनी, बँकेतल्या माणसांनी सगळ्यांनीच. लष्कराच्या हाताखाली काम करणार नाही, एवढंच. बाई-सान घाबरली होती. नोकरी जाईल, शाळेचं घर जाईल.

"संप म्हणजे हे होणारच," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात माणूस उत्साहावर जगतो. तिसऱ्या आठवड्यात त्याला तांदूळ लागतो. तुमच्या लोकांनी तांदळाची सोय केलीय का, ते विचार."

केली होती. टोकियोतली बर्मी मंडळी दर रविवारी मोर्चा काढून आणि तिथेच खाण्याचे डबे विकून संपकऱ्यांना मदत पाठवायला लागली होती. हे कळल्यावर सासूबाईंनी कढई बाहेर काढली. हरभऱ्याची डाळ भिजवली, भरड वाटली, कांदा, मिरची, कोथिंबीर घातली आणि डाळवडे तळले. बाई-सानने एक तोंडात घातला आणि थांबली. हे त्यांच्याकडे रस्त्यावर मिळतं, चहाबरोबर. त्याला बयाजॉ म्हणतात. अगदी हाच. पुढच्या रविवारी शंभर वडे गेले, आणि त्याच्या पुढच्या रविवारी सासूबाई म्हणाल्या की वड्यांबरोबर मी पण जाते.

इथे घरात वादळ झालं. नवरा ओसाकाहून फोनवर म्हणाला, "आई, तू टुरिस्ट व्हिसावर आहेस. मोर्चाबिर्चा नको. उद्या मुदत वाढवून दिली नाही तर?"

"मग घरी पाठवतील. तेच तर हवंय मला."

"विमान नाहीये, आई."

"मी घोषणा देणार नाही. मी वडे देणार आहे."

त्याने मला सांगितलं, तू समजाव. मी समजावलं नाही, पण मी गेलेही नाही. मला माझ्या कॉन्ट्रॅक्टची भीती वाटत होती. कोणी फोटो काढला, ऑफिसात कोणी बघितला तर? आपण परक्या देशात राहतो, तिसऱ्याच देशाच्या भांडणात कशाला पडायचं, असं मी स्वतःला सांगितलं. ते ऐकायला शहाणपणाचं वाटायचं. पण शेवटी अडुसष्ट वर्षांच्या बाईला एकटीला ट्रेनमध्ये कसं पाठवणार, म्हणून मी "फक्त सोडायला" गेले. मुलीलाही घेतलं.

जपानमधला मोर्चा पाहून सासूबाईंची घोर निराशा झाली. आधी अर्ज करून परवानगी काढलेली. रस्त्याची एकच मार्गिका. सिग्नल लाल झाला की मोर्चा थांबणार, हिरवा झाला की चालणार. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, दोघांत अंतर. बरोबर चालणारे पोलीस वाकून सांगत होते, जरा डावीकडून, सावकाश या. एक तरुण पोलीस सासूबाईंजवळ आला, त्यांच्या चालण्याकडे बघितलं आणि मला म्हणाला, आजींना थकवा आला असेल तर पुढे बाक आहे.

"काय म्हणतो?"

"बसायचं का विचारतोय."

"सोलापुरात आम्हाला गाडीत कोंबलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि हा बाक दाखवतोय. कसा व्हायचा ह्यांचा मोर्चा."

पण त्यांची खरी तक्रार घोषणांबद्दल होती. पुढचा माणूस हळू आवाजात लांबलचक वाक्य म्हणायचा आणि मागचे ते तितक्याच अदबीने पुन्हा म्हणायचे. सासूबाईंनी तीन सिग्नल हे सहन केलं. चौथ्या सिग्नलला त्यांनी बाई-सानचा हात धरला. शब्द त्यांना येत नव्हते, पण ठेका येत होता. हातावर टाळी देऊन त्यांनी दाखवलं: वाक्य मोडायचं, तीन तुकडे करायचे, श्वास संपतो तिथे शब्द संपला पाहिजे. बाई-सानने पुढे जाऊन तसं म्हणून बघितलं. मागून उत्तर आलं, आणि ते आधीच्या दुप्पट मोठं होतं. माझ्या मुलीने कानावर हात ठेवले आणि मग काढून घेतले.

सगळ्यांनी तीन बोटं वर केली, ही त्यांची निषेधाची खूण. सासूबाईंनीही केली. संधिवातामुळे त्यांची करंगळी मुडपत नाही, त्यामुळे त्यांची चार बोटं वर होती.

मग मार्च आला आणि रविवार बदलले. तिकडे सैन्य गोळ्या घालायला लागलं होतं. मोर्चात आता फोटो आले, गेलेल्यांचे. एका रविवारी सासूबाईंच्या हातात एका मुलीचा फोटो दिला. केस मोकळे, हसरी, एकोणीस-वीस वर्षांची असेल. त्यांनी बाई-सानला विचारलं, ही काय शिकत होती? बाई-सानला माहीत नव्हतं. तिने शेजारी विचारलं, त्यांनी पुढे विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. सासूबाई तो फोटो शेवटपर्यंत छातीशी सरळ धरून चालल्या. त्या दिवशी त्यांनी बाकाबद्दल किंवा सिग्नलबद्दल काही म्हटलं नाही. घरी आल्यावर म्हणाल्या, "आमच्या संपात पगार कापला गेला. आम्हाला वाटलं, केवढं मोठं केलं आपण."

मी अजूनही "फक्त सोडायला" जात होते. पण एप्रिलमध्ये बाई-सानने मला एक काम सांगितलं, आणि ते नाही म्हणण्यासारखं नव्हतं. भावाचे विद्यार्थी घरी बसले होते. आईबापांनी त्यांना लष्कराच्या शाळेत पाठवलं नव्हतं. भाऊ आणि त्याचे मित्र फोनवरून शिकवू बघत होते, पण इंटरनेट धड चालायचं नाही, व्हिडिओ अडकायचा. मी आठ वर्षं बँकेच्या फायली लहान करून एका जागेहून दुसरीकडे पाठवण्याचंच काम करत होते. मी सांगितलं, व्हिडिओ नको. फळ्याचे फोटो काढा, आवाज वेगळा रेकॉर्ड करा, मी दोन्ही जोडून इतकं हलकं करून देते की एक पाठ एका फोटोएवढ्या जागेत बसेल. दोन शनिवार त्यात गेले. तिसरीचा भागाकाराचा पहिला पाठ तयार झाला तेव्हा माझी मुलगी शेजारी येऊन बसली. बर्मीतलं तिला काही कळत नव्हतं, पण आकडे फळ्यावर होते. भावाने प्रश्न विचारून गप्प बसायची जागा सोडली होती, तिथे ती पटकन जपानीत उत्तर देऊन मोकळी झाली. बरोबर होतं.

मेच्या शेवटी भावाच्या घरी सैनिक आले. तो मागच्या दाराने गेला होता, एवढंच शेजाऱ्यांनी कळवलं. पुढे काही नाही. तो सीमेकडे निघाला असावा असा सगळ्यांचा अंदाज होता. बाई-सान रोज कामावर जात होती. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात फोन न्यायला बंदी, तो लॉकरमध्ये ठेवावा लागायचा. म्हणून तिने ओळखीच्यांना दिवसाचा नंबर म्हणून सासूबाईंचा फोन दिला होता. माझ्या नवऱ्याचा जुना फोन, इथलं सिम. सासूबाई तो अंघोळीला जातानासुद्धा दाराशी ठेवायच्या.

एकोणीस दिवस गेले. बाई-सान वर यायची, बसायची, वाटाण्याचा डबा ठेवायची. तिने विचारायचं नाही आणि आम्ही सांगायचं नाही, असं न बोलता ठरून गेलं होतं. एकदा फक्त ती मला म्हणाली, "त्याला मीच सांगितलं होतं, भिऊ नको म्हणून. मी इथे बसून."

विसाव्या दिवशी सकाळी अकराला मी प्रोजेक्टच्या आढाव्याच्या मीटिंगमध्ये होते. बारा माणसं स्क्रीनवर, विभागप्रमुख बोलत होते. दार उघडून सासूबाई आत आल्या. वही हातात, चष्मा डोक्यावर. त्या मीटिंगच्या वेळी कधी आत येत नसत.

"भावाचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "अर्धा मिनिट. तिकडून कोणीतरी एकदम बोलायला लागला, अमा अमा करत. त्याला वाटलं बहीणच आहे. मी मध्ये बोलले नाही. लाइन कधीही तुटेल असा आवाज होता. सगळं लिहून घेतलंय. मग तुटली."

वहीचं पान देवनागरीने भरलं होतं. सात ओळी. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि त्यांनाही.

"चल," त्या म्हणाल्या. "तिला आत्ता कळलं पाहिजे. संध्याकाळपर्यंत कशाला ठेवायचं?"

मी विभागप्रमुखांचं वाक्य संपायची वाट बघितली, मग माइक सुरू करून म्हणाले की माफ करा, घरचं तातडीचं काम आहे, मला जावं लागेल. आठ वर्षांत असं पहिल्यांदा म्हटलं. ते म्हणाले, काळजी घ्या, आणि मीटिंग पुढे चालू झाली. इतकं सोपं होतं.

वृद्धाश्रम पंधरा मिनिटांवर. सासूबाई माझ्यापुढे चालत होत्या. काचेच्या दाराशी रिसेप्शनवरच्या बाईने आमचं तापमान बघितलं, हातावर सॅनिटायझर दिलं आणि सांगितलं की बाहेरच्यांना आत सोडता येत नाही, आणि जेवणाची वेळ असल्याने स्वयंपाकघरातल्या कोणालाही बोलावता येत नाही. मी सगळं सांगितलं: म्यानमार, भाऊ, वीस दिवस. तिने ऐकून घेतलं. वहीकडे बघितलं आणि म्हणाली, "मागे भाजीच्या गाडीचं दार आहे. तिथे उभ्या राहा. मी काही पाहिलेलं नाही."

मागच्या दारात बाई-सान आली. डोक्याला पांढरी टोपी, अंगात एप्रन, हातमोजे ओले. आमचे चेहरे बघून ती दाराची चौकट धरून उभी राहिली. सासूबाईंनी दोन मीटरचं अंतर राखलं, चष्मा खाली ओढला आणि वाचायला सुरुवात केली.

"अमा, नेकाउंबादे. सेइ मपूने."

एवढंच मला पुढे पाठ झालं, कारण त्याचा अर्थ बाई-सानने नंतर सांगितला: मी बरा आहे, काळजी करू नको. बाकीचं सासूबाई एक्स्चेंजच्या आवाजात वाचत गेल्या, सपाट, स्पष्ट, एकेक शब्द तोडून. बर्मी ही सुरांची भाषा, सूर बदलला की अर्थ बदलतो. एके ठिकाणी सूर चुकला आणि पायाबद्दलचं वाक्य भलतंच काहीतरी झालं. बाई-सान डोळ्यांतून पाणी गळत असतानाच हसायला लागली. सासूबाईंनी वाचन थांबवलं नाही. शेवटची ओळ संपल्यावर विचारलं, "कळलं का सगळं? परत वाचू?"

"और," बाई-सान म्हणाली. "एक बार और."

त्यांनी परत वाचलं. मग बाई-सानने अर्थ सांगितला: तो नदी ओलांडून थायलंडला पोचला होता. पायाला लागलं होतं पण चालता येत होतं. फोन दुसऱ्या कोणाचा होता, त्यावर उलट फोन करू नको, आठवड्याने मीच करीन. पाठ्यपुस्तकं मागे राहिली, पण पाठांच्या फायली एका मित्राकडे सुखरूप आहेत.

बाई-सान आत गेली, कारण सत्तर म्हाताऱ्यांचं जेवण थांबलं होतं. आम्ही परत निघालो. वाटेत कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानातून, सासूबाईंनी आइस्क्रीम मागितलं. त्या कधी मागत नसत. रस्त्याच्या कडेला उभं राहून खाल्लं आणि म्हणाल्या, "बरेच दिवस झाले नाही का, कोणाचा कॉल जोडून दिला नव्हता."

त्या रविवारी मी मोर्चात चालले. कोणी फोटो काढला असेल तर काढला.

नोव्हेंबरात सासूबाईंना विमान मिळालं. बाई-सान आमच्याबरोबर विमानतळावर आली. दोघी एकमेकींच्या पिशव्यांची वजनं करून बघत राहिल्या. आता दोघींचं व्हिडिओवर बोलणं होतं, रविवारी सकाळी, आणि त्यात बहुतेक वेळ दोघी आपापल्या स्वयंपाकघरातली भांडी दाखवत असतात.

तिकडे काही सुटलेलं नाही. लष्कर अजून आहे. ही माणसं अजून चालतात, संख्या कधी जास्त, कधी कमी. बाई-सानने खोकी उघडून सामान पुन्हा मांडलं. बाल्कनीत कुंड्या आणल्या आणि टोमॅटो तिथेच लावले.

जपानच्या सीमा उघडल्यावर ती थायलंडच्या सीमेवरच्या गावी भावाला भेटायला गेली. जाताना तिथल्या मुलांसाठी चाळीस कंपासपेट्या घेऊन गेली. माझ्या मुलीने प्रत्येकीत एक खोडरबर घातलं. तिसऱ्या दिवशी बाई-सानचा फोन आला. भावाने तीन खोल्यांची शाळा काढली होती, छप्पर पत्र्याचं. दीडशे मुलं. त्याचे केस पांढरे झाले होते आणि तो लंगडत होता. ती त्याला जपानला चल म्हणाली. तो नाही म्हणाला, सहामाही जवळ आलीय. त्यावर दोघांचं जोरदार भांडण झालं, आणि मग भात कोण शिजवणार यावरून आणखी एक.

"मग कोणी शिजवला?" मी विचारलं.

"त्याने," ती म्हणाली. "कच्चा होता. मी दोनदा वाढून घेतला."